तो मराठी बोलला म्हणून

शिवाजीनगरात ज्वेलर्स स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत माझं गलाईचं दुकान आहे. सोनं-चांदी गाळायला आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं देशभर पांगली, तसा मी बंगळुरूला आलो. दिवसभर कानावर कन्नड, तमिळ, दख्खनी. अशात एका दुपारी फोन आला, "बँकेतनं बोलतोय. पाहुणं, तुम्ही विट्याकडचं का? मी पण तिकडलाच."

तिथंच मी सैल पडलो. केवायसी संपलंय, संध्याकाळी खातं बंद पडेल, म्हणाला. माझं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे त्यानंच सांगितले. मग शंका कशाची घ्यायची? अशी माहिती चोरून विकली जाते, हे मला कुठं ठाऊक! शेगडीवर मूस तापलेली, गिऱ्हाईक खोळंबलेलं. कार्डाचे उरलेले आकडे मी दिले, मागचे तीनही दिले. ओटीपी दोनदा आला, दोनदा वाचून दाखवला. ९६ हजार गेले.

ते मेसेज नंतर नीट पाहिले. रक्कम किती, ते त्यात होतं. कुणाला सांगू नका, हेही होतं. मी नुसते सहा आकडे वाचले होते.

दीड तास मी कुणापाशी बोललो नाही. लाज वाटली. शेवटी शेजारच्या गलाईवाल्या अण्णांनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि १९३० ला फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक देशभर चालतो. चोरानं पैसे काढायच्या आत तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. माझे ३८ हजार तसे अडकले, बाकीचे तोवर निघून गेले होते. तो दीड तास मला अजून सलतो. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम असा, की गुपित आपणच सांगितलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा लाजेपायी थांबू नका. १९३० आणि बँक, दोन्हीकडं लगेच कळवा.

ओटीपी, पिन बँक कधी विचारत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावानं ॲपची फाईल आली तर उघडू नका. तसलं ॲप तुमचे मेसेज परस्पर चोराला पाठवतं.

बँकेची शाखा आमच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आता खात्याबद्दल फोन आला की मी तो ठेवतो, मूस उतरवतो आणि पासबुक घेऊन शाखेत जातो.