तुती लावण्याआधी बांधापलीकडे बघा

भोपाळ जिल्ह्यात बैरसियाकडे आमची शेती आहे. तिथे एक एकर तुती लावून मी रेशीमशेती सुरू केली. शेडची उंची, रॅकचं माप, अनुदानाचे कागद, सगळ्याची चौकशी केली. शेजारी कोणतं पीक घेतात आणि काय फवारतात, एवढंच विचारलं नाही.

पहिल्या दोन बॅच चांगल्या निघाल्या. 100 अंडीपुंजांमागे 60 किलोंवर कोष मिळाले. तिसरी बॅच ऑगस्टमध्ये घेतली. अळ्या चौथी कात टाकून उठल्या होत्या. या शेवटच्या सात-आठ दिवसांत अळी जन्मभराच्या खाण्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त पाला खाते; आपला बहुतेक खर्चही तोवर झालेला असतो. त्या दुपारी मी बांधालगतच्या ओळींतला पाला घातला. संध्याकाळी अळ्या डोकं झटकू लागल्या, हिरवं पाणी ओकू लागल्या. सकाळपर्यंत निम्म्याहून अधिक आखडून मेल्या होत्या. रोग समजून मी चुना टाकत राहिलो आणि तोच विषारी पाला पुन्हा घातला. उरलेल्याही गेल्या.

फवारणीबद्दल विचारल्यावर शेजारी म्हणाले, "भैया, हमने तो अपने सोयाबीन पर डाला था." खरंच होतं ते. सोयाबीनवर अळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल सर्रास मारतात. रेशीमकीडाही अळीच, वाऱ्याने आलेला या कीटकनाशकाचा अंशही तिला पुरतो आणि पानावर तो दीर्घकाळ टिकतो.

म्हणून नवीन शेतकऱ्यांना सांगतो. तुती सोयाबीन, हरभरा, भाजीपाल्यापासून शक्य तितकी दूर लावा. वाऱ्याच्या बाजूला उंच गवताचं दाट कुंपण करा आणि बांधाकडच्या ओळींचा पाला अळ्यांना घालू नका. नवीन पाला आधी दहा-वीस अळ्यांना घालून एक दिवस थांबा. मगच सगळ्यांना द्या. कीटकनाशकाचा पंप तुतीत वापरू नका. अळ्या ओकताना दिसल्या, तर तो पाला ताबडतोब काढा, शेडमध्ये हवा खेळती ठेवा आणि खात्रीचा पाला आणा. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरची बॅच धरा.

आणि अंडीपुंजांची मागणी नोंदवण्याआधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन या. फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा, एवढंच मागा. मी आता मागतो, आणि ते न चुकता करतात.