स्वस्त होस्टिंग पारखताना

संस्थेची वेबसाइट कोणत्या कंपनीकडे ठेवावी, हे भांडगावात बसून मी कसे पारखतो ते सांगतो.

जाहिरातीतला महिन्याचा स्वस्त दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. मुदत संपल्यावर नूतनीकरण दुप्पट-तिप्पटही असू शकते, वर 18 टक्के जीएसटी. म्हणून मी पाच वर्षांच्या खर्चाची बेरीज करतो. पैसा देणगीदारांचा आहे.

वेग बराचसा अंतरावर ठरतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. अमेरिका सुमारे 13 हजार किलोमीटर दूर. तिथे जाऊन यायला किमान 130 मिलिसेकंद लागतात आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. मुंबईच्या सर्व्हरला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. वाचक इथलेच असतील तर मुंबईचे डेटा सेंटर मागा. (मोठमोठे फोटो चढवले तर मात्र मुंबईही वाचवणार नाही!)

‘99.9 टक्के सुरू’ म्हणजे 30 दिवसांत 43 मिनिटे बंद. तेवढे चालते. खरी भीती वसतिगृहाचे अहवाल आणि जुने अंक कायमचे जाण्याची. बॅकअप रोज घेता का, तो परत देताना पैसे लावता का, हे खरेदीआधीच, तेही रात्री, विचारा; उत्तर किती वेळात येते तेही कळते. एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर हवीच.

डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नको. नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या वहीतही लिहून ठेवा.