सेवापूर्व सैनिकी शिक्षण : निवासी शाळांतील नवे पर्व

३० मे २०२५ रोजी खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १४८ व्या तुकडीचे दीक्षान्त संचलन झाले. तीनशेहून अधिक युवकांच्या रांगांत त्या दिवशी १७ युवतीही होत्या. प्रबोधिनीतून स्त्री छात्रांची तुकडी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. वृत्तपत्रांनी या घटनेस योग्य ती प्रसिद्धी दिली. मात्र प्रबोधिनीच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीची जी वाट आहे, ती राज्यातील काही निवासी शाळांतून व सेवापूर्व शिक्षण संस्थांतून जाते, आणि त्या वाटेची माहिती गावोगावी अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही.

सैन्यभरतीची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे हे गाव तर ‘आपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. परंतु शिपायांची संख्या मोठी आणि अधिकाऱ्यांची त्या मानाने अल्प, अशी राज्याची स्थिती दीर्घकाळ राहिली. अधिकारी घडविणारी देशातील प्रमुख प्रबोधिनी पुण्याजवळ असूनही तिच्यात मराठी मुले कमी का जातात, हा प्रश्न शासनापुढे वारंवार आला. धैर्य व शारीरिक कष्टांची तयारी यांत ही मुले उणी नव्हती. लेखी परीक्षेतील गणित, इंग्रजीतून विचार मांडण्याची सवय आणि मुलाखत मंडळासमोरील आत्मविश्वास या ठिकाणी त्यांची गाडी अडत होती. या तीनही गोष्टी महिन्या-दोन महिन्यांच्या शिकवणीने येत नाहीत. निवासी शिक्षणाची आवश्यकता येथूनच निर्माण झाली.

साताऱ्यापासून संभाजीनगरपर्यंत

पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल १९३२ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर संरक्षण मंत्रालयाने सैनिक स्कूलची योजना आखली, आणि देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सातारा येथे उघडले. त्या वेळी यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. या शाळेचे माजी विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक पुढे २००९ ते २०११ या काळात वायुसेनाप्रमुख झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील दुसरे सैनिक स्कूल २०१९ मध्ये सुरू झाले. विदर्भातील पालकांना साताऱ्याचे अंतर मोठे वाटत असे. त्यांची ही अडचण त्यामुळे बरीच दूर झाली.

सैनिक स्कूलमध्ये प्रवेश सहावीत किंवा नववीत होतो. या वयात ज्याला संधीची माहितीच मिळाली नाही, अशा दहावीच्या विद्यार्थ्यासाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर निवड, दोन वर्षे निवासी शिक्षण, अकरावी-बारावीचा अभ्यास आणि त्याच्या जोडीने प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी, असे या संस्थेचे स्वरूप आहे. येथील प्रवेशपरीक्षेत गणित व सामान्य क्षमता या दोन विषयांना समान महत्त्व असते, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. तथापि, जवळजवळ साडेचार दशके ही सोय केवळ मुलांसाठी होती.

मुलींसाठी उघडलेली दारे

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अंतरिम आदेशामुळे प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली, आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी मुलींनी ती प्रथमच दिली. त्यापूर्वी महिला अधिकारी सैन्यात नव्हत्या असे नाही. १९९२ पासून त्यांची भरती होत होती, पण ती प्रामुख्याने पदवीनंतर आणि अल्पमुदतीच्या सेवेसाठी. बारावीनंतर थेट प्रबोधिनीत जाण्याचा मार्ग बंद असल्यामुळे मुलींसाठी सेवापूर्व शिक्षण संस्था काढण्यास प्रयोजनच उरत नव्हते.

तो अडसर दूर होताच बाकीच्या हालचाली वेगाने झाल्या. मिझोराममधील छिंगछिप येथील सैनिक स्कूलमध्ये मुलींना प्रवेश देण्याचा प्रयोग आधीच यशस्वी झाला होता. त्याच्या आधारे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सर्व सैनिक स्कूलांत सहावीच्या १० टक्के किंवा १०, यांपैकी जी संख्या अधिक असेल तितक्या जागा मुलींसाठी ठेवण्यात आल्या. डेहराडूनच्या राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयाने, आपल्या शताब्दीच्या वर्षी, २०२२ मध्ये पहिल्या मुलींना प्रवेश दिला. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नाशिक येथे मुलींची स्वतंत्र सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. तिची प्रवेशक्षमता एका तुकडीस ३० मुलींची आहे. सव्वाअकरा कोटी लोकसंख्येच्या राज्यात ३० जागा अल्प आहेत, यात शंका नाही. पण त्या ३० जागांसाठी सर्व जिल्ह्यांतून आणि सर्व थरांतून अर्ज येणे हे जागा वाढविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. माहितीच पोहोचली नाही, तर या जागा शहरांतील जाणत्या पालकांच्या मुलींपुरत्या राहतील.

गणिताचे माप

या संस्थांच्या परीक्षा वेगवेगळ्या वयांत व वेगवेगळ्या मंडळांकडून होतात. तरी त्यांच्या गुणविभागणीत एक गोष्ट सर्वत्र आढळते. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे आहेत. डेहराडूनच्या लेखी परीक्षेत ४०० पैकी २०० गुण गणिताचे. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुणांची गणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, आणि तिची पातळी अकरावी-बारावीच्या गणिताची असते.

येथे शिक्षकांनी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. भूदल शाखेसाठी कोणत्याही विद्याशाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला उमेदवार पात्र ठरतो. नौदल व वायुदल यांसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. नियमाचा पहिला भाग वाचून गणित सोडण्याचा सल्ला दिला, तर पात्रता कागदावर राहते आणि परीक्षेत उमेदवार गारद होतो. कारण गणिताची प्रश्नपत्रिका तिन्ही दलांच्या उमेदवारांना समानच द्यावी लागते. ‘मुलीला गणित जड जाते, तिला कला शाखा किंवा जीवशास्त्र देऊ’ हा सल्ला आजही कित्येक घरांत व, खेदाने म्हणावे लागते, कित्येक शिक्षकदालनांत दिला जातो. अकरावीच्या प्रवेशअर्जावरील ती एक खूण मुलीसमोरचा हा मार्ग जवळजवळ बंद करते, आणि त्या वेळी तसे कोणाच्या लक्षातही येत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. नववीची मात्र इंग्रजीतूनच द्यावी लागते. प्रबोधिनीच्या सामान्य क्षमता चाचणीच्या ६०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने याचे दडपण घेण्याचे कारण नाही. पण सहावीची संधी त्याच्या दृष्टीने अधिक सोयीची आहे, हे पालकांना वेळीच सांगितले पाहिजे.

निवासी जीवनाचा उपयोग

पहाटेची कवायत, वर्ग, दुपारनंतर मैदान, संध्याकाळी सक्तीची अभ्यासिका आणि ठरलेल्या वेळी दिवे मालवणे, हा निवासी सैनिकी शाळेचा दिनक्रम वाचकांना ऐकून माहीत असेल. त्याची कठोरता पाहून काही पालक कचरतात. या दिनक्रमाचा खरा उपयोग कोठे होतो, ते निवड मंडळाच्या कसोटीकडे पाहिल्यावर कळते.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची पाच दिवस परीक्षा घेतली जाते. तिलाही लेखी परीक्षेइतकेच, म्हणजे ९०० गुण आहेत. पहिल्याच दिवशी प्राथमिक चाचणीत अनेक उमेदवार परत पाठविले जातात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. एका चाचणीत ६० शब्द एकामागून एक दाखविले जातात, आणि प्रत्येक शब्दावर सुचलेले वाक्य १५ सेकंदांत लिहावयाचे असते. दुसऱ्या चाचणीत ६० अडचणीचे प्रसंग दिलेले असतात आणि अर्ध्या तासात प्रत्येक प्रसंगी आपण काय करू ते लिहावयाचे असते. पुढे मैदानावर आठ-दहा अनोळखी उमेदवारांचा गट करून त्यांना फळी, दोर व ओंडका एवढ्या साहित्यानिशी अडथळा पार करावयास सांगतात. कोणी नेमलेला नेता नसतो. कोण सूचना करतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोणाची युक्ती फसल्यावर तो रुसून बाजूला होतो, हे सर्व परीक्षक टिपून घेतात.

पाठांतराने या चाचण्या पार पडत नाहीत. एका खोलीत निरनिराळ्या जिल्ह्यांतील मुलांबरोबर दोन वर्षे राहिलेला, भोजनगृहाची पाळी सांभाळलेला, सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरलेला विद्यार्थी अशा गटात सहज वावरतो. मुलींच्या बाबतीत हा लाभ विशेष आहे. घरातील अनेक निर्णय इतरांनीच घ्यावयाचे, अशा वातावरणातून आलेल्या मुलीस दहा जणांसमोर स्वतःचे मत ठामपणे मांडण्याचा सराव प्रथम अशा वसतिगृहातच मिळतो.

अर्थात प्रवेश घेतलेले सर्वच छात्र प्रबोधिनीत जात नाहीत. किती निवडले गेले, एवढ्याच आकड्यावर संस्थेची परीक्षा करण्याची प्रवृत्ती प्रशासनात आहे. ती अपुरी आहे. ज्यांची निवड होत नाही, तेही अभियांत्रिकी, पोलीस व प्रशासकीय सेवांकडे वळू शकतात, आणि पदवीनंतर सैन्याचे दार त्यांना पुन्हा ठोठावता येते.

नावांचा घोटाळा

पालकांची एक फसगत नेहमी होते. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सोसायटीचे ‘सैनिक स्कूल’ वेगळे. राज्याच्या ‘प्रत्येक जिल्ह्यात एक’ या धोरणातून उभ्या राहिलेल्या, खाजगी संस्थांनी चालविलेल्या ‘सैनिकी शाळा’ वेगळ्या. आणि २०२१ च्या केंद्रीय निर्णयानंतर भागीदारी तत्त्वावर मान्यता मिळालेली नवी सैनिक स्कूल आणखी वेगळी. याखेरीज गणवेश व कवायत एवढ्याच भांडवलावर ‘अकॅडमी’ असे नाव लावणारे खाजगी वर्गही आहेत. भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासणे इष्ट. ही चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे विनामूल्य करता येते.

गावपातळीवरील दक्षता

प्रत्येक दारास वयाची चौकट आहे, आणि ती ओलांडल्यावर कोणाचीही शिफारस उपयोगी पडत नाही. सहावीसाठी १० ते १२ वर्षे, नववीसाठी १३ ते १५ वर्षे. डेहराडूनसाठी साडेअकरा ते तेरा वर्षे आणि सातवी उत्तीर्ण किंवा सातवीत शिकत असणे. प्रबोधिनीसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस. डेहराडूनची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि राज्यात ती पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पाचवीच्या वर्गशिक्षकास ही वये माहीत असली, तर विद्यार्थ्याच्या हाती एक पूर्ण वर्ष राहते.

प्रबोधिनीचा उमेदवार अविवाहित असला पाहिजे, हा नियम मुलामुलींना समान आहे. अठरा पूर्ण होताच मुलीचे लग्न उरकण्याची घाई जेथे आजही होते, तेथे कायद्याचा भंग होत नसला, तरी साडेएकोणीस वर्षांपर्यंत मिळू शकणाऱ्या तिच्या संधी त्या दिवशीच संपतात. ग्रामसभेत बालविवाहाचा विषय निघतो तेव्हा हाही मुद्दा पंचायत सदस्यांनी मांडावा.

वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची काही कारणे आधी ओळखता येण्यासारखी असतात. रंगांधत्व, सपाट पाऊल, गुडघे एकमेकांस लागणे, किडके दात, कानातील मळ, मुलींतील रक्तक्षय. यांपैकी दात, कान व रक्तक्षय यांवर वेळीच उपचार होऊ शकतात. शालेय आरोग्य तपासणीचे पत्रक केवळ भरून ठेवण्याऐवजी पालकांना वाचून दाखविले, तरी पुष्कळ काम होईल.

शेवटी कागदपत्रे. अधिवास व जातीच्या दाखल्यांसाठी अर्जाची मुदत संपत आल्यावर तहसील कार्यालयात धावपळ होते, म्हणून आठवीनववीतच हे दाखले काढून ठेवणे सोयीचे. त्याहून नाजूक बाब जन्मतारखेची आहे. प्रबोधिनीसाठी दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारीखच ग्राह्य धरतात, आणि त्या प्रमाणपत्रावर येते ती पहिलीत नाव घालताना शाळेच्या नोंदवहीत लिहिलेली तारीख. ‘जून महिना लिहा’ असे पालकाने सांगितले आणि गुरुजींनी तसे लिहिले, तर दहा-बारा वर्षांनी त्या दोन-तीन महिन्यांच्या फरकाने एखादी मुलगी वयात बसेनाशी होते. ही नोंद दुरुस्त करणे दहावीपूर्वी सोपे असते, त्यानंतर अत्यंत कठीण. मुख्याध्यापकांनी दरवर्षी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी ही तारीख ताडून पाहावी, आणि ग्रामसेवकांनी त्यासाठी जन्मनोंदीचा उतारा मागितल्याच दिवशी द्यावा.