हात जोडणं वेगळं, धडा शिकणं वेगळं

सोलापुरातल्या शाळांत माझी उमेदीची वर्षं गेली. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकाच गल्लीत वाढतात. "आमच्या धर्मात हे चालत नाही," असं सांगायला आलेल्या पालकांनी मला पुष्कळ शिकवलं.

1. आधी खुर्ची द्यावी. तावातावाने आलेला बाप आतून धास्तावलेला असतो. त्याला बसवावं, पुरतं बोलू द्यावं. नियम नंतर सांगावेत.

2. हरकत नेमकी कशाला, ते विचारावं. चित्रकलेला 'गणपती' विषय दिला, तेव्हा चौथीतल्या एका मुलीचे वडील आले. चित्रकलेला त्यांची ना नव्हती. मूर्ती काढायला लावू नका, एवढंच म्हणणं. विषय 'घरचा सण' केला. तिने शिरखुर्म्याची वाटी काढली, तपकिरी खडूने एकेक चारोळी टिपली. शेजारणीने गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज काढले.

3. पूजा-प्रार्थनेची सक्ती नको. घटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलेल्या या मुलांना परत घ्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये दिला.

4. सूट देताना मुलाला एकटं पाडू नये. व्हरांड्यात बसवलं की ती शिक्षाच होते. प्रार्थनेला त्याला रांगेतच, मित्रांजवळ, गप्प उभं राहू द्यावं.

5. पालकांनी धड्यातून सूट मागू नये. अमेरिकेत मेरीलँडमधल्या काही पालकांना 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक गोष्टींच्या पुस्तकांपुरती मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा दिली. ही वाट मला पटत नाही. शेजाऱ्याचा सण, त्याचे संत, त्याचं घर यांविषयी वाचून कुणाचा धर्म बुडत नाही. न वाचल्याने मात्र शेजारी परका होतो.

6. शरीराची माहिती लपवली की सोसावं लागतं मुलींना. 2007 मध्ये विरोधापुढे राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. पुढे दहावीच्या प्रजननाच्या धड्याला एका आईने हरकत घेतली. शेजारी बसून तिच्यासोबत ती पानं वाचली. आकृतीवर बोट ठेवून ती म्हणाली, "पाळी का येते, हे मला लग्नानंतरही ठाऊक नव्हतं, बाई. शिकवा तिला."

शाळेने कुणाच्या श्रद्धेला हात लावू नये आणि पालकांनी लेकरासमोरचं पुस्तक मिटू नये. एवढं दोघांनी पाळलं, तर बहुतेक तक्रारी मुख्याध्यापकांच्या खोलीतच मिटतात.