पशुसंवर्धनाचे शिक्षण : काय पाहावे आणि कोठे थांबावे

यवतमाळ जिल्हा कापसाचा म्हणून ओळखला जात असला, तरी येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार कपाशीइतकाच गोठ्यावरही उभा असतो. पेरणीच्या तोंडावर एक बैल बसला तर वाफसा हातचा जातो. त्यामुळे पशुसंवर्धनाची पदविका घेऊन गावी परतलेल्या तरुणाकडे गावकरी मोठ्या आशेने पाहतात व बहुधा त्यास पहिल्याच दिवशी ‘डॉक्टर’ म्हणू लागतात. घोटाळ्यास प्रारंभ येथूनच होतो.

या क्षेत्रातील शिक्षणाच्या वाटा भिन्न आहेत. पशुवैद्यकाची पदवी ही एक. विदर्भात त्यासाठी नागपूर येथे १९५८ पासून महाविद्यालय आहे. पुसदजवळील वरूड येथे दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. परंतु तेथील मुख्य विषय दूध काढल्यानंतरचा, म्हणजे प्रक्रिया, यंत्रे व प्रतवारी यांचा होय. जनावरांवरील उपचार शिकावयास मिळतील अशा समजुतीने तेथे जाणाऱ्याची निराशा होईल. पशुसंवर्धनाची पदविका ही तिसरी वाट. तीत निगा, आहार, पैदास, लसीकरण व प्रथमोपचार यांवर भर असतो.

पदविकेच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी शिकावयाची गोष्ट सुई टोचणे ही नव्हे, तर निरोगी जनावर ओळखणे ही होय. निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरल्यास दोन मिनिटांत पोटाच्या दोन ते तीन लाटा हातास जाणवतात. नाकपुडी ओलसर असते, रवंथ चालू असते. हे वाचावयास सोपे. परंतु पुष्कळ निरोगी जनावरांच्या पोटावर हात ठेवल्यावाचून आजारी पोट हातास कळत नाही. ज्या विद्यार्थ्याची वही अशा नोंदींनी भरलेली नाही, त्याचे शिक्षण अपुरे समजावे, मग गुण कितीही असोत.

पैदाशीच्या बाबतीतही तसेच. गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा पाठ आहे. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो; तो पहाटे व रात्री गोठ्यात गेल्यावाचून दिसत नाही. गोठित रेत उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवलेले असते. पात्रातील नत्राची पातळी खाली गेली की रेत निकामी होते आणि दोष मात्र गाईस लागतो. गाय वारंवार उलटत असल्यास आधी माजाची वेळ व पात्र तपासावे.

आता शिक्षणाची खरी कसोटी लागते असा प्रसंग पाहू. पावसाने ताण दिला आहे. ज्वारीचे कोवळे, कोमेजलेले पीक किंवा कापणीनंतरचे फुटवे बैलाने खाल्ले. थोड्याच वेळात धाप, थरथर व तोल जाणे ही लक्षणे दिसतात. अशा ज्वारीत तयार होणाऱ्या विषाने जनावर काही मिनिटांतही दगावू शकते. शिकलेला तरुण येथे तीन गोष्टी करू शकतो : उरलेली जनावरे तत्काळ शेताबाहेर काढणे, काय व केव्हा खाल्ले हे विचारून घेणे आणि पशुवैद्यकास विलंब न लावता कळविणे. विषावरील उतारा शिरेतून द्यावा लागतो. तो पशुवैद्यकानेच द्यावयाचा. तापाचे किंवा पोटफुगीचे समजून भलतेच औषध पाजण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

ही मर्यादा कायद्यानेही घातली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे. पदविकाधारकास किरकोळ स्वरूपाच्या सेवा देता येतात, परंतु त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. काही तरुणांस यात कमीपणा वाटतो. वस्तुतः २०२२ साली राज्यात लंपी त्वचारोग पसरला, तेव्हा आजारी जनावर वेगळे बांधणे, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करणे व निरोगी गुरांचे लसीकरण वेळेवर करून घेणे हीच कामे निर्णायक ठरणारी होती. गावात रोज हजर असणाऱ्या माणसावाचून ती होत नाहीत.

ग्रामसेवकांनी अशा तरुणास गावातील गुरांची नोंदवही ठेवण्यास सांगावे. तीत वेत, माज व रेतनाची तारीख, लस आणि पूर्वीचे आजार एवढे असले तरी पुरे. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसीकरणाचा दिवस ठरविताना या वहीचा प्रथम उपयोग होईल. पशुवैद्यकास बोलाविताना लक्षण दिसल्याची वेळ, घेतलेले तापमान व खाल्लेला चारा या तीन बाबी दूरध्वनीवरच सांगाव्यात, म्हणजे तो योग्य औषध बरोबर घेऊन निघेल.