काशी, वाराणसी आणि बनारस

गंगेच्या डाव्या तीरावर वसलेल्या या प्राचीन नगराची तीन नावे आज प्रचारात आहेत. त्यांपैकी दोन मुळात एकच आहेत; तिसरे मात्र आरंभी नगराचे नावच नव्हते.

'काशी' हे मूळचे एका जनाचे व त्याच्या प्रदेशाचे नाव होय. बौद्ध वाङ्मयातील सोळा महाजनपदांत काशीची गणना होते आणि तिची राजधानी म्हणून वाराणसीचा निर्देश येतो. पुढे प्रदेशाचे नाव राजधानीलाच लाभले. 'काश्' म्हणजे प्रकाशणे. या धातूशी नावाचा संबंध जोडून काशी ही ज्ञानप्रकाशाची नगरी ठरली.

'वाराणसी' या नावाची उपपत्ती सर्वश्रुत आहे: उत्तरेस वरणा, दक्षिणेस असी, आणि या दोन नद्यांमधील ती वाराणसी. परंतु या उपपत्तीत दोन अडचणी आहेत. वरणा आणि असी यांचा संधी 'वरणासी' असा होईल, 'वाराणसी' असा नव्हे. शिवाय प्राचीन वस्तीचे अवशेष सापडले ते वरणेच्या संगमानजीक राजघाटाच्या पठारावर. असी तेथून सुमारे पाच किलोमीटर दूर असून तो एक लहानसा ओढा आहे. म्हणून नगराचे नाव एकट्या वरणेवरून पडले असावे, असे डॉ. मोतीचंद्रांसारख्या इतिहासकारांनी मानले.

मग प्रचलित उपपत्ती निरर्थक म्हणावी काय? तसे नव्हे. ती नावाचा उगम सांगत नसली, तरी तीर्थक्षेत्राची सीमा सांगते. जाबालोपनिषदाने तर 'वरणा' म्हणजे इंद्रियदोषांचे वारण करणारी आणि 'नासी' म्हणजे पापांचा नाश करणारी, असा अर्थ लावून ते क्षेत्र भुवया व नासिका यांच्या संधिस्थानी, मनुष्यदेहातच कल्पिले आहे.

पाली भाषेत वाराणसीचे 'बाराणसी' झाले. लोकांच्या उच्चारात 'र' आणि 'ण' यांनी परस्परांच्या जागा घेतल्या, 'ण'चा 'न' झाला आणि 'बनारस' हे रूप रूढ झाले. इंग्रजी अमदानीत सरकारी दप्तरात तेच होते. २४ मे १९५६ रोजी 'वाराणसी' हे नाव अधिकृत झाले. तथापि १९१६ साली स्थापन झालेल्या हिंदू विश्वविद्यालयाने 'बनारस' टिकविले, आणि २०२१ साली मंडुवाडीह रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. यात्रेकरू काशीला जातो, पत्र वाराणसीला पोहोचते आणि साडी बनारसीच राहते.

शब्दाची व्युत्पत्ती एक गोष्ट सांगते, लोकांनी त्याला दिलेला अर्थ दुसरी. दोहोंची गल्लत केली, तर इतिहास आणि श्रद्धा या दोघांवरही अन्याय होतो.