बारा शनिवारांचं वर्ष

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो, हे बघतच वाढले. पुढे शिकायला मिशिगन विद्यापीठात आले, अ‍ॅन आर्बरलाच नोकरी लागली आणि राहिले. इथला फुटबॉल वेगळा, चेंडू छातीशी धरून पळायचा. पण एखाद्या संघासाठी अख्खं गाव खुळं होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवल एवढंच वाटलं, की हा संघ कॉलेजच्या पोरांचा आणि त्याला बघायला लाखावर माणूस! नेहमीच्या मोसमात सामने जेमतेम बारा, त्यातले सात-आठ घरच्या मैदानावर. बाकीचं वर्ष त्यांची वाट बघण्यात जातं. या नादातून जे पदरात पडलं, त्यातलं थोडं इथे सांगते.

१. नियम पाठ करून जाऊ नका, नुसते जाऊन बसा.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउनचे सहा गुण, लाथेनं खांबांच्या मधून घातला तर तीन. एवढ्यावर भागतं. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो आणि सुरुवातीला वाटतं, ही माणसं खेळतात कमी आणि उभी राहतात जास्त. माझ्या शेजारच्या जागेवर एक निवृत्त शाळामास्तर बसतात. खेळ थांबलेला असतो तेव्हा खरं बघायचं, हे त्यांनी मला शिकवलं. चौथा प्रयत्न आहे, दोन यार्ड हवेत. चेंडू लांब लाथाडून गप बसायचं की हिंमत करायची? त्या निर्णयाचे पैसे प्रशिक्षकाला मिळतात, पण निर्णय आमच्या रांगेतले सगळेच घेतात, तोही ओरडून. हे कळल्यापासून साडेतीन तास मला कधी लांब वाटले नाहीत.

२. जागा अरुंद असावी.

मिशिगन स्टेडियम १९२७ साली उघडलं. ते जमिनीत खोल खोदलेलं आहे. दारातून आत शिरलात की बहुतेक रांगा तुमच्या पायाखाली उतरत गेलेल्या दिसतात. बसायची अधिकृत सोय १,०७,६०१ माणसांची. त्यातला शेवटचा एक आकडा जुने प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या मानाचा, असं सांगतात; ती जागा नेमकी कुठली, हे कुणाला ठाऊक नाही. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर प्रेक्षक आले आहेत, अपवाद फक्त कोविडच्या २०२० सालचा. बहुतेकांच्या वाट्याला पाठ टेकायची सोय नसलेली बाकं येतात आणि थंडीत सगळे जाड कोट घालून आले की खांद्याला खांदा घासतोच. टचडाउन झाल्यावर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायला या अरुंदपणाची मोठी मदत होते. ऐसपैस खुर्च्या देऊन या मैदानाचं भलं होईल, असं मला वाटत नाही.

३. सामना सकाळी वाहनतळावर सुरू होतो.

बारा वाजताचा सामना असेल तर लोक पहाटेच निघतात. समोरच्या पायनियर हायस्कूलच्या आवारात आणि विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानावर गाड्या लागतात, आसपासचे घरमालक अंगणात गाड्या लावून घेऊन पैसे कमावतात. गाडीचं मागचं दार उघडायचं, शेगडी मांडायची, घडीच्या खुर्च्या टाकायच्या. आम्ही मराठी मंडळी थर्मासात तांबडा रस्सा नेतो. शेजारच्या गाडीवाल्यांनी एकदा चाखला, आता तेच पेले घेऊन उभे असतात. बदल्यात त्यांच्याकडून हरणाच्या मांसाची चिली येते. शून्याखालच्या थंडीत तांबडा रस्सा जी कामगिरी करतो, तिची कल्पना खुद्द कोल्हापुरातही येणार नाही.

४. वैरी एकच हवा आणि तो पक्का हवा.

आमचा वैरी ओहायो स्टेट. पहिला सामना १८९७ साली झाला. आता नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी ही गाठ पडते, आणि त्या आठवड्यात त्यांच्या कोलंबस गावी विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या इंग्रजी एम अक्षरांवर लाल पट्टीची फुली येते. या वैराला खरी धार आली ती १९६९ मध्ये. ओहायोच्या वुडी हेज यांच्या हाताखाली खेळलेले आणि काम केलेले बो शेंबेकलर मिशिगनचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी गुरूला हरवलं. तेव्हापासूनच्या दहा वर्षांच्या झुंजीला लोक आजही युद्धच म्हणतात. हिशेब मिशिगनचा, पाच जिंकले, चार हरले, एक बरोबरीत. २००६ मध्ये दोन्ही संघ अपराजित, ओहायो देशात पहिला आणि मिशिगन दुसरा, अशी गाठ पडायची होती, आणि आदल्या दिवशी बो गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही ३९–४२ असे हरलो. जुने लोक त्या सामन्याविषयी अजूनही हळू आवाजात बोलतात.

माझ्या कचेरीत कोलंबसचा एकजण आहे. वर्षभर आम्ही एकमेकांच्या मुलांना शाळेतून आणतो, त्या एका आठवड्यात मात्र कामापुरतं बोलतो. वैराची गोडी एवढ्यातच असते. २०२४ मध्ये आम्ही त्यांच्या मैदानावर १३–१० असे जिंकलो, मग आमच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली आणि पोलिसांना तिखट फवारा मारावा लागला. जिंकल्यावर झेंडा गुंडाळून घरी यावं, हे माझं मत.

५. हरण्याची सवय करून घ्या.

१ सप्टेंबर २००७. देशात पाचवा असलेला मिशिगन, समोर खालच्या गटातला अ‍ॅपलाचियन स्टेट. तो ३४–३२ असा जिंकून गेला, तोही आमच्याच मैदानात, शेवटच्या क्षणी आमची किक अडवून. २०१५ मध्ये मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध आम्ही २३–२१ असे पुढे होतो. दहा सेकंद उरलेले, फक्त चेंडू लांब मारायचा होता. तो हातातून सुटला, त्यांनी उचलला आणि घड्याळ शून्यावर येताना रेषेपलीकडे नेला. डोक्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याचं चित्र नंतर देशभर फिरलं. आमची सगळ्यांचीच अवस्था तीच होती, कॅमेरा फक्त त्याच्यावर होता.

ओहायोपुढे तर २०१२ पासून आम्ही ओळीनं आठ वेळा हरलो. मग २७ नोव्हेंबर २०२१ उजाडला. बर्फ भुरभुरत होता, हसन हॅस्किन्सनं एकट्यानं पाच टचडाउन केले, ४२–२७. लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले. मास्तर सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात म्हणून एरवी पायऱ्या जपून उतरणारे. त्यांचा हात धरून मीही उतरले. दोन वर्षांनी आमचा संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. त्या मोसमावर विरोधकांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणाचं सावट होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मला विचाराल तर मोठा आनंद बर्फातल्या त्या दुपारचाच. आठ पराभव पचवलेल्यांनाच तो पुरता मिळाला.

६. खेळाडू बदलणार, हे धरून चाला.

पूर्वी पोरं तीन-चार वर्षं टिकायची. आता दरवर्षी या विद्यापीठातून त्या विद्यापीठात जातात. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. जुने चाहते यावर कुरकुरतात. मला ते पटत नाही. प्रशिक्षक कोट्यवधी घेणार, वाहिन्या त्याहून जास्त कमावणार आणि डोकं आपटून घेणाऱ्या पोराला फक्त शिष्यवृत्ती, हे फार वर्षं चाललं. आणि डोकं खरोखरच आपटतं. पोरगं उठत नाही तेव्हा लाखभर माणसं गप्प होतात, आणि आपण नेमकं कशाला टाळ्या वाजवत होतो, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तरी पुढच्या शनिवारी मी जातेच.

७. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत एकतरी फुटबॉलवाला घाला.

तारखा आधीच ठरतात, पण सामन्याची वेळ टीव्हीवाले बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे आधी ठरवतात. दिवाळीचा कार्यक्रम शनिवारीच असतो. पुढचं तुम्हीच समजा.

८. दुसऱ्याच्या मैदानावरही जाऊन या.

आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ पासून प्रत्येक सामन्यात पहिला चतकोर संपला की सगळं स्टेडियम त्या खिडक्यांकडे वळतं आणि आजारी मुलांना हात हलवतं. पाहुणा संघही हलवतो. मी गेले तेव्हा आमचे निळे-पिवळे आणि त्यांचे काळे-पिवळे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे होते.

मिनेसोटाबरोबर तर आम्ही पाण्याच्या बरणीसाठी खेळतो. १९०३ मध्ये तिथे सामना ६–६ असा सुटला आणि आमच्या लोकांनी तीस सेंटना घेतलेली बरणी तिथेच राहिली. मागितली तेव्हा, जिंकून न्या, असं उत्तर आलं म्हणतात. १९०९ मध्ये ती जिंकून आणली. तेव्हापासून जो जिंकेल, त्याची ती.

आता एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या घरातलं कुणी या ऑगस्टमध्ये इकडे शिकायला येणार असेल, तर त्याला पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांचं सवलतीचं मोसमी तिकीट घ्यायला सांगा. पदवी मिळाली की ती सवलत जाते. विद्यार्थ्यांच्या भागात सगळा सामना उभ्यानं बघतात, तेव्हा बूट चांगले असू देत.